बिनस्टेपनीची लॉरी

आमची मोटार ट्रान्सपोर्ट सेक्शन किन्हीराजाजवळच्या आमराईत उतरली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. सहा लॉऱ्या, बावीस माणसं, एक इंग्रज कॅप्टन आणि एक पंजाबी सुभेदार. पूर्वेच्या आघाडीवर जायच्या आधी दोन महिने घाटउतार आणि काळ्या मातीचे रस्ते यांची सवय करून घ्या, असा हुकूम होता. मला तर हसूच आलं. मी वाशीमचा माळी. वेशीला लागून आमचा मळा. वांगी, मेथी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. काळ्या मातीत रुतलेली बैलगाडी काढण्यात माझं बालपण गेलं. फौजेने मला पार पंजाबात नेलं, मोटार शिकवली आणि परत माझ्याच घरापासून दहा-अकरा कोसांवर आणून काळी माती दाखवली. सरकारी काम आहे, त्याला इलाज नाही.

लोकांना माझ्याकडून तोफा ऐकायच्या असतात. मी चाकांबद्दल सांगतो. ज्याला तोफाच हव्यात त्याने दुसरा पेन्शनर शोधावा.

आमचा दिवस ठरलेला असे. पहाटे पाचला बिगुल. साडेपाचला पीटी. सातला मेंटेनन्स परेड : तेल, पाणी, पेट्रोल, टायरची हवा, नटबोल्ट. साडेसातला लॉऱ्या बाहेर. दुपारी धुणं, जेवण, मग पुन्हा चाकं. लॉरी पंधरा हंड्रेडवेटची, म्हणजे फौजेतली धाकटी लॉरी. चारच चाकं, आणि मागे बांधलेलं पाचवं. त्या पाचव्याला आम्ही स्टेपनी म्हणायचो.

माझ्या लॉरीवर माझ्यासोबत नाईक दगडू इंगोले होते. रिसोडकडचे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, अंगाने काटक, बोलायला कमी. मी त्यांना दगडूभाऊ म्हणायचो. परेडवर मात्र ‘नाईकसाब’. ते मला पुंजाजी म्हणायचे, आणि रागावले की पुंज्या. फौजेतली रीत अशी की लॉरी कुठे जाणार हे नाईक ठरवणार, पण चाकाचा मालक ड्रायव्हर. चाकाबद्दल ड्रायव्हर म्हणेल ते खरं. ही रीत लक्षात ठेवा.

मलाया जपान्यांच्या हाती पडला आणि तिथून येणारं रबर आटलं. नवे टायर मिळेनात. घाटात आमचे दोन टायर फाटले, तिथे दोन स्टेपन्या चढवल्या, उरल्या चार. लॉऱ्या सहा. कॅप्टनसाहेबांनी सकाळी आम्हाला फॉलिन केलं, म्हणजे रांगेत उभं केलं, आणि त्यांच्या हिंदुस्तानीत विचारलं, “बिना स्टेपनी कौन चलाएगा?”

मी एक पाऊल पुढे आलो. दगडूभाऊंना विचारलंसुद्धा नाही.

परेड सुटल्यावर ते लॉरीच्या फूटबोर्डवर बसून राहिले. मग म्हणाले, “काहून गा पुंज्या, तुले लय हौस आली?”

“हौस नाई दगडूभाऊ. हिशेब हाये. एका माणसाएवढं वजन मांगं बांधून हिंडा, अन् ते कधी कामी येईन तवा येईन. त्यापेक्षा माही पंक्चरची पेटी बरी. कानस कागद, सोल्युशन, ठिगळं, पंप. झालं!”

“ठिगळाले वेळ लागते.”

“कितीक लागते? अर्धा घंटा.”

“स्टेपनी दहा मिनटात लागते. वेळ काय आपल्या बापाचा हाये?”

“माळ्याच्या पोराले ठिगळ लावाचं शिकवू नका,” मी म्हणालो.

माझा ताठा फुकाचा नव्हता. आमच्या मळ्यात विहिरीवर मोट चालायची. मोट म्हणजे कातड्याची भलीमोठी पखाल. बैल उतारावर गेले की ती भरून वर येते आणि थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडीत, ओतते. वर येताना विहिरीच्या दगडांना घासते, फाटते. चांभाराची वाट पाहत बसलं तर वांगी वाळतात. म्हणून आमच्या बापाने आम्हा भावांना मोटेला ठिगळ लावायला शिकवलं होतं. मी लावलेल्या ठिगळातून थेंब गळत नसे. बाप चार माणसांत सांगायचा, पुंजाचं ठिगळ मोटेपेक्षा जास्त टिकते. असं ऐकत वाढलेल्या माणसाला रबराची नळी ती काय!

आता माझी अक्कल ऐका. मोटेला उन्हाळ्यात तेल पाजावं लागतं. नाही पाजलं तर कातडं तडकतं. आमच्याकडे जवसाचं तेल पाजायचे, चांगलं चोळून चोळून. किन्हीराजाच्या त्या उन्हात लॉरीचे टायर हात लावू देत नसत. आतल्या ट्यूबांची मला फार काळजी वाटली. बाकीचे ड्रायव्हर ट्यूबला पांढरी चॉक पावडर लावून आत सारायचे. मला ते कोरडंठक्क काम पसंत नव्हतं. मी गावातल्या तेल्याकडून जवसाचं तेल आणलं, चारही ट्यूबा बाहेर काढल्या आणि एका दुपारी त्यांना असं काही चोळलं की पहिलवानाला चोळावं. पेटीतली ठिगळंही चोळली. दगडूभाऊ वास घेत आले.

“हा कायचा वास येऊन राह्यला?”

“घरचा नुस्खा हाये. नरम राह्यते.”

त्यांनाही रबरातलं कळत नव्हतं. आम्हा दोघांनाही इंग्रजी पुस्तिका वाचता येत नव्हती. ते मान हलवून गेले. त्यानंतर तीन आठवडे एकही पंक्चर झालं नाही. मी तर छाती काढून फिरत होतो.

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. सुभेदारसाहेब पाच लॉऱ्या घेऊन सहालाच घाटाकडे गेले होते. माझ्या लॉरीचा ब्रेक आवळायचा होता म्हणून ती एकटी आमराईत मागे राहिली; ते काम नुकतंच आटोपलं होतं. आमच्या जवळच्या मालेगावहून तारवाला सायकलवर आला. कामरगावात पटकी लागली होती. तिथल्या डॉक्टरांकडचं शिरेतून द्यायचं मिठाचं पाणी, सलाइन, संपलं होतं. आमच्या छावणीच्या दवाखान्यात त्या बाटल्यांच्या चार पेट्या होत्या. फौजेने मदत करावी, अशी तार होती.

कॅप्टनसाहेबांनी एक मिनिटही घालवलं नाही. “नाईक, चारों पेटी. अभी.”

दगडूभाऊंनी सॅल्यूट केला आणि म्हणाले, “साब, एक स्टेपनी मिलेगा?”

“स्टेपनी सब बाहर है. ड्रायव्हर?”

“ठीक है साब, मेरे पास पेटी है,” मी म्हणालो.

कामरगावात माझी थोरली बहीण मथुराबाई दिली होती. तारेत कोणाची नावं नव्हती. पेट्या चढवताना मी दगडूभाऊंना ते सांगितलं. ते फक्त म्हणाले, “मंग पाय उचल.”

सात पस्तीसला निघालो. चाळीसेक मैलांचा रस्ता. शेलूबाजार, मग कारंजा, मग कामरगाव. पेट्यांखाली कडबा अंथरला होता. बाटल्या काचेच्या, खड्डा आला की दगडूभाऊ मागे वळून कान देत. पेरणीच्या आधी आमच्याकडे शेतांच्या कुपाट्या नव्या करतात. कुपाटी म्हणजे काट्यांचं कुंपण. बाभळीच्या फांद्या तोडून बैलांकडून रस्त्याने ओढत नेतात, आणि मागे काट्यांची रांगोळी पडते. त्या दिवसांत तो सगळा रस्ता काट्यांचा होता. मला ते ठाऊक होतं. मी तिथलाच ना!

शेलूबाजार दिसायला लागलं आणि मागचं डावं चाक बसलं. वेळ आठ पंचवीस. बोटाएवढा काटा. टायर उचकटला, ट्यूब काढली, कानस कागदाने घासली, सोल्युशन लावलं, फुंकर घातली, ठिगळ दाबलं, हवा भरली. दगडूभाऊ जॅक धरून होते. नऊ वाजून पाच मिनिटांनी लॉरी चालू.

“चाळीस मिनटं,” दगडूभाऊ म्हणाले.

“पण झालं ना? आता कामरगावपावतर पाहू नका.”

सव्वादहाला कारंजा. तिथे रेल्वे स्टेशनपाशी एक प्रवासी मोटार उभी होती. तिची चाकं आमच्याच मापाची, आणि मागे एक चांगली स्टेपनी बांधलेली. दगडूभाऊंनी हात वर केला. “थांबव. याले चाक मांगू. सरकारी चिठ्ठी लिहून देऊ.”

मी ब्रेक दाबला नाही. नुसता वेग कमी केला. “मालक कुठी असंल, त्याले कुठी धुंडता? तो नाई म्हणंल, मंग ठाण्यात जा, चिठ्ठ्या करा. घंटाभर जाईन. चाक पक्कं हाये दगडूभाऊ.”

“पक्कं हाये?”

“माहा शब्द.”

चाकाचा मालक ड्रायव्हर. त्यांनी हात खाली घेतला. आम्ही कारंजा मागे टाकलं. मला बहिणीची घाई होती हे खरं. पण नुसती तीच असती तर मी थांबलो असतो. मी बोललेला शब्द मला खाली पडू द्यायचा नव्हता, हे त्याहून खरं. इतक्या वर्षांनी खोटं कशाला बोलू?

पावणेअकराला तेच चाक पुन्हा बसलं. कामरगाव रस्त्याने पाच मैल राहिलं होतं. ट्यूब काढली. नवा काटा नव्हताच. माझंच ठिगळ सालपटासारखं सुटलं होतं. पुन्हा घासलं, पेट्रोलने पुसलं, पुन्हा लावलं. हवा भरता भरता फुस्स झालं. तिसरं लावलं. तेही गेलं. वर ऊन, खाली तापलेली माती, आणि त्या गरम ट्यूबमधून जवसाच्या तेलाचा वास यायला लागला. बोट लावलं तर चिकट. तेल सुकून त्याची पातळ साय रबरावर बसली होती, आणि माझं ठिगळ रबराला नाही, त्या सायीला चिकटत होतं.

वाजले होते अकरा वाजून दहा मिनिटं. मी मांडी घालून रस्त्यातच बसलो. हातातली ट्यूब तशीच. दगडूभाऊंनी ती घेतली, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं.

“तेल ना?”

“हो.”

“चारी चाकायले?”

“चारी. ठिगळायलेही.”

मला वाटलं आता कानाखाली बसते. बसली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “ऊठ. बसून कायले राह्यला? बाटल्या मोज.”

रस्त्याच्या उजव्या हाताला एक भाजीचा मळा होता. मोटेचा आवाज कधीचा येत होता, मला तो ऐकू आला नव्हता. बांधावर एक माळीणबाई उभी राहून आमचा तमाशा पाहत होती. पन्नाशीची असेल, कासोटा घट्ट मारलेला, हातात खुरपं. तिने तिथूनच विचारलं, “काय झालं वो सोजीरदादा?”

दगडूभाऊंनी दोन वाक्यांत सांगितलं. पटकीचं औषध, कामरगाव, चाक गेलं. ती बाई झपाझपा खाली आली. “तिथं माणसं मरून राह्यली, अन् तुमी इथं चाक खेळता? थांबा.” तिने मळ्याकडे तोंड करून हाक मारली, “अहो, मोट सोडा! बैल बांधा अन् कावड आना!”

कावड म्हणजे खांद्यावरची काठी, दोन टोकांना दोन टोपल्या. त्यातून ती माणसं भाजी बाजारात न्यायची. दगडूभाऊंनी दोन्ही टोपल्यांत ओला गोणपाट घातला आणि आठ-आठ बाटल्या रचल्या. बाईचा नवरा अबोल माणूस होता. रस्त्याने पाच मैल, पण पांदणीने, शेतांमधल्या वाटेने, साडेतीन, एवढंच तो म्हणाला आणि पुढे निघाला. दगडूभाऊंनी फौजी बूट काढून लॉरीत टाकले. ढेकळांतून बूट घसरतात, बाटली फुटेल, म्हणाले. अनवाणी, खांद्यावर कावड.

“पुंजाजी,” त्यांनी वळून सांगितलं, “मी सोळा घेऊन चाललो. बत्तीस तुह्याकळे हायेत. लॉरी उभी करून कामरगावले ये. हा हुकूम हाये.”

“हो नाईकसाब.”

अकरा वीसला ते निघाले. अशी कावड नेताना धावत नाहीत. एक ठेक्याची दुडकी चाल असते, टोपल्या झुलू न देणारी. ती त्यांना कुठून येत होती देव जाणे. पांदणीच्या वळणावर ते दिसेनासे झाले आणि मी त्या माळीणबाईसमोर उघडा पडलो.

तिने ट्यूब हातात घेतली. “हे काय चोपडलं?”

“जवसाचं तेल.”

“काहून?”

“मोटेले पाजतो तसं.”

ती माझ्याकडे पाहतच राहिली. “तू माळ्याचा काय रे?”

“वाशीमचा.”

“तरीच! अरे बाप्पा, दुसऱ्या कोणाले हे सुचलंच नसतं. मोट काय अन् हे काय! आता पेट्रोल-बिट्रोल ठेव तिकळे. तेलाची साय राखेबिगर निंगत नाई. आमी दिव्याच्या समया घासतो त्या काय पेट्रोलनं?”

तिने चुलीतली राख पाटीभर आणली. रिठे फोडून कढत पाण्यात घातले. आम्ही दोघांनी ती ट्यूब दगडावर घेऊन राखेने रगडली, धुतली, पुन्हा रगडली. पहिलं पाणी पिवळं निघालं, दुसरं कमी, तिसरं स्वच्छ. ठिगळंही तशीच घासली. माझे हात चालत होते आणि डोक्यात मथुराबाईचं अंगण फिरत होतं. मला रडू आलं. लपवलं नाही. बाईने पाहिलं आणि म्हणाली, “रड, पण हात थांबवू नोको.”

ट्यूब वाळायला उन्हात टांगली. भर उन्हात दहा मिनिटं पुरतात, पण ती दहा मिनिटं काढणं कठीण. मी बत्तीस बाटल्या पुन्हा मोजल्या. मग घासलं, सोल्युशन लावलं आणि या वेळी पुरतं वाळू दिलं. घाई केली नाही. ठिगळ बसवलं, वरून विटेने ठोकलं. हवा भरली. कान लावून ऐकलं. काही नाही. बाईने पाण्याची कळशी ओतून पाहिली. एक बुडबुडा नाही.

बारा पस्तीसला मी स्टार्टर मारला. बाईला काय द्यावं ते सुचेना. ती म्हणाली, “जाय ना! उभा काहून?” तिचं नावही विचारायचं राहिलं.

बारा पंचावन्नला कामरगाव. शाळेच्या ओसरीवर नऊ माणसं आडवी होती. डॉक्टर तरुण होते, दाढी वाढलेली, बाह्या वर केलेल्या. खुंट्यांना बाटल्या टांगलेल्या होत्या आणि त्यांतून नळ्या खाली आल्या होत्या. दगडूभाऊ एका खांबाला टेकून उभे राहून एक बाटली हातात उंच धरून होते, कारण खुंट्या संपल्या होत्या. पायांतून रक्त आलेलं. ते साडेबाराच्या आत पोचले होते. सोळापैकी एकही बाटली फुटली नव्हती.

त्यांच्या हातातल्या बाटलीची नळी माझ्या बहिणीच्या हातात गेली होती.

मी तिला ओळखलं नाही, हे सांगायला अजून जड जातं. डोळे खोल, ओठ काळे, हात लाकडासारखे. दगडूभाऊंनाही ठाऊक नव्हतं ती कोण ते. डॉक्टरांनी ‘ही आधी’ म्हटलं आणि त्यांनी बाटली धरली. तिच्या सासूने मला पाहून हंबरडा फोडला तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी दुसऱ्या हाताने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, “पेट्या उतरव.”

दिवसभर आम्ही तिथेच होतो. मी पाणी उकळत होतो, बाटल्या बदलत होतो. चारच्या सुमाराला मथुराबाईने डोळे उघडले. तिने मला ओळखलं. आवाज नव्हताच, कान तोंडाजवळ नेला तेव्हा ऐकू आलं.

“पुंजा... तू मोटारीवर हायेस म्हणे. मंग औषध पायी काहून धाडलं?”

मी हसलो आणि हसता हसता ढसाढसा रडलो. ओसरीवरचे सगळे नऊ जगले. डॉक्टरांनाच त्याचं नवल वाटलं.

पण एक गोष्ट राहते. ओसरीच्या टोकाला एक चटई गुंडाळून ठेवली होती. तिच्यावर आधी गावचे म्हातारे सुतार होते. पावणेबाराला गेले. मी डॉक्टरांना विचारलं, कारंज्याहून थेट आलो असतो तर? ते म्हणाले, “वय झालं होतं त्यांचं. नक्की सांगता येत नाही.” ते भले गृहस्थ होते. नक्की सांगता येत नाही, एवढंच मला आजपर्यंत माहीत आहे. सुतारांच्या घरी मी नंतर गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा उठून आत गेला. मग त्याने मला पाणी दिलं.

छावणीत परतल्यावर दगडूभाऊंनी रिपोर्ट दिला : पंक्चर, ठिगळ टिकलं नाही, माल पोचला. तेलाचं नाव काढलं नाही. मीच दोन पावलं पुढे येऊन सांगितलं. कॅप्टनसाहेबांना ‘जवस’ समजावायला सुभेदारसाहेबांना पाच मिनिटं लागली. समजल्यावर साहेब टोपी काढून तोंडासमोर धरून उभे राहिले. हसत होते की चिडले होते, ते कळलं नाही. सात दिवसांची फटीग, म्हणजे शिक्षेची हमाली, मिळाली. माझ्या लॉरीच्या ट्यूबा राखेने धुवायच्या आणि बाकीच्या पाच लॉऱ्यांच्या मला चॉक पावडर लावायची. त्याशिवाय हुकूम निघाला की एकटी जाणारी लॉरी स्टेपनीशिवाय गेट ओलांडणार नाही, आणि पंक्चरची पेटीही सोबत हवीच.

दगडूभाऊ त्या बाबतीत नंतर मला एकदाही टोचून बोलले नाहीत. फक्त जेवताना भाजीत तेल जास्त झालं की म्हणायचे, “आज पुंजाजीनं केलेली दिसते.” सगळी सेक्शन हसायची. मीही हसायचो.

दोन महिने म्हणता म्हणता मुक्काम लांबला आणि पावसाळा संपता संपता आम्ही पूर्वेला गेलो. आसामच्या डोंगरांतला रस्ता, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. आता दगडूभाऊंची लॉरी वेगळी होती, माझी त्यांच्या मागे. एका सकाळी, दहाच्या सुमाराला, पुढे रस्ता अडला. जखमींना खाली आणणारी एक अँब्युलन्स लॉरी उभी होती. तोफगोळ्याच्या तुकड्याने तिचा टायर उभा चिरला होता. त्याला ठिगळ नव्हतं. तिची स्टेपनी आधीच कामी आली होती. वरच्या टेकडीवरून शत्रूला ते वळण दिसत होतं, आणि तो थांबून थांबून गोळे टाकत होता.

दगडूभाऊ खाली उतरले. स्वतःची स्टेपनी सोडली आणि हातांनी गडगडवत पुढे नेऊ लागले. दीडशे पावलांचं अंतर. मला ओरडून म्हणाले, “पुंजाजी, जॅक आण!” मी जॅक काढायला वाकलो. गोळा पडला. मी मान वर केली तेव्हा ते रस्त्यात पडले होते आणि चाक त्यांच्या हातून सुटून थोडं पुढे जाऊन कड्याला टेकलं होतं.

मी त्यांच्याजवळ गेलो. काही उरलं नव्हतं. मी चाक उचललं, अँब्युलन्सला लावलं, नट आवळले. अकरा मिनिटं लागली. आत सात जखमी होते. लॉरी खाली गेली. मग मी दगडूभाऊंकडे परत आलो आणि त्यांच्यावर माझं ब्लँकेट घातलं. संध्याकाळी त्यांना त्याच रस्त्याच्या कडेला मूठमाती दिली. आमच्या सेक्शनमधून त्या वर्षी गेलेले ते तिसरे. आधी शिपाई गुलाब, मग ड्रायव्हर रामसिंग, मग नाईक दगडू इंगोले. सकाळी चहा घेताना मी तिघांची नावं मनात घेतो.

लढाई संपली, सुटलो. वाशीमला घरी चार दिवस राहिलो आणि पाचव्या दिवशी रिसोडकडे दगडूभाऊंच्या गावी गेलो. त्यांची आई दारातच ज्वारी पाखडत होती. मी कोण ते सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं आणि मला समोर बसवलं. सरकारचा कागद आला होता, तिला तो दोघा-तिघांनी वाचून दाखवला होता. कागदात काही नव्हतं, म्हणाली. तू सांग.

मी सगळं सांगितलं. रस्ता, अँब्युलन्स, चिरलेला टायर, गोळा. काही कमी केलं नाही, काही वाढवलं नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहत ऐकत होती.

मग तिने विचारलं, “मंग ते चाक पोचलं का?”

“पोचलं माय. मीनंच लावलं.”

“अन् आतले माणसं?”

“खाली दवाखान्यात पोचले. सातीच्या साती.”

तिने पदराने तोंड पुसलं, उठली आणि आत जाता जाता म्हणाली, “हातपाय धू. भाकर टाकतो. दगडूचा सोबती उपाशी कसा जाईन?”